एक दाणा उरला होता

घाटटोलीच्या लटारू मांदाडेकडे दोन कामं होती. एक, वैनगंगेवर डोंगा चालवून माणसं पलीकडे चामोर्शीच्या बाजूला सोडायची. दुसरं, निंबाखालच्या मातामायची पूजा करायची आणि तिचा कौल लोकांना सांगायचा. दोन्ही त्याला काकाकडून आली होती आणि दोन्हींत त्याला उलटून विचारणारं कोणी नव्हतं. भर नदीत नावाड्याशी भांडण कोण काढतो? आणि मायपुढे पुजाऱ्याशी?

टोली साठेक घरांची, सगळी ढिवरांची. तलावात जाळं टाकायचं, नदीला गळ लावायचे, धानाच्या दिवसांत कापणीला जायचं. बाजार चामोर्शीला, दवाखाना चामोर्शीला, लग्नाचं लुगडं चामोर्शीला. म्हणजे जन्मल्यापासून मरेपर्यंत टोलीतला प्रत्येक माणूस लटारूच्या डोंग्यात कधी ना कधी बसलेला असायचा, आणि लटारूला याचा थोडा माज होता. माणूस अंगाने सुकट, पण आवाज असा की पलीकडच्या काठावर बसलेल्याला इकडून शिवी ऐकू जावी.

त्याच्या अंगात माय यायची. हे खोटं नव्हतं, आणि हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की गडी पहिल्यापासून ढोंगी होता. एकविसाव्या वर्षी, चैत्रातल्या एका मंगळवारी, डफडं वाजत असताना तो जमिनीवर पडला तो घटकाभर उठला नाही. उठला तेव्हा काय बोललो ते त्याला आठवत नव्हतं. तोंड रडून ओलं झालं होतं, आणि आत असं भरल्यासारखं वाटत होतं की दोन दिवस त्याला जेवणाची आठवण झाली नाही. असं दहा-बारा वर्षं चाललं. मग ते येणं कमी झालं. आणि एका वर्षी थांबलंच.

का थांबलं ते त्याला कळलं नाही. त्याने नवरात्राचे नऊ दिवस पाण्यावर काढले. चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला पायी गेला. परत येऊन निंबाखाली बसला आणि वाट पाहत राहिला. काही आलं नाही. पण मंगळवार काही थांबत नव्हता, लोक नारळ घेऊन येतच होते. मग एका मंगळवारी त्याने स्वतःच मान हलवायला सुरुवात केली. त्यात अवघड काही नव्हतं. माय कशी येते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

एकट्या सोमारीला, त्याच्या बायकोला, लगेच उमगलं. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "आज लवकर गेली वाट्टे माय. भात झाला म्हून कोनं सांगतलं तिले?"

लटारू ताटावर बसला. त्याला लाज वाटली, पण लाजेबरोबर भातही वाढला गेला आणि त्याने तो खाल्ला.

कौल घ्यायची रीत साधी होती. सुपात ज्वारी ठेवायची. पुजाऱ्याने डोळे मिटून चिमूटभर उचलायची, मायपुढे सारवलेल्या जागेवर टाकायची, आणि दोन-दोन दाणे बाजूला सारत जायचं. शेवटी एक दाणा उरला तर माय म्हणते 'जा', 'कर'. जोड्या पुऱ्या झाल्या तर म्हणते 'थांब'. लग्न, विहीर, नवीन जाळं, सगळं यावर ठरायचं. आणि पुरात डोंगा काढायचा असेल तर कौल घेतल्याशिवाय कोणी काढायचा नाही, हा टोलीचा जुना नियम. नावाडी आणि पुजारी एकच असला तरी नियम तोच.

अंगात येणं थांबल्यावर लटारू दाण्यांतही हात मारायला शिकला. अंगठ्याच्या नखाखाली एक दाणा सहज लपतो. आधी त्याने लहानसहान गोष्टींत केलं. एका पोरीला नको असलेलं स्थळ होतं, तिच्यासाठी त्याने 'थांब' काढलं आणि पोरगी खूश झाली. एका कंजूष माणसाचा बोकड त्याने 'कर' म्हणून कापायला लावला आणि सगळी टोली खूश झाली. कोणाचं वाईट झालं नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला.

चौऱ्याण्णव साली भादव्यात वैनगंगेला मोठा पूर आला. मागच्या बाजूने मूल गावाकडे जाणारा रस्ता नाल्याने तोडला होता. त्या दिवसांत शालिकराम आणि कुंताची सहा वर्षांची सोनू तापाने फणफणली. नर्सबाई पूर चढायच्या आदल्या दिवशी येऊन गोळ्या देऊन गेली होती. जाताना म्हणाली होती, पोरीला झटके आले तर थांबू नका, चामोर्शीला न्या. झटके आले. शालिकराम पोरीला घोंगड्यात गुंडाळून घाटावर घेऊन आला. मागून कुंता, पाच महिन्यांची गरोदर. मागून अर्धी टोली.

"लटारूभाऊ, डोंगा काढतं का जी?"

लटारूने नदीकडे पाहिलं. घाटाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. आख्खी झाडं मुळासकट वाहत चालली होती. त्याने तरुणपणी अशा पाण्यात दोनदा डोंगा घातला होता, आणि एकदा गेल्याच वर्षी घातला तेव्हा डोंगा मधल्या भोवऱ्यात असा फिरला होता की त्यानंतर महिनाभर त्याला झोपेत पाणी दिसायचं. तो भ्यायला. सरळ बोलायचं तर एवढंच झालं, एक नावाडी नदीला भ्यायला. तो तसं म्हणाला असता तर कोणी त्याला खाल्लं नसतं. शालिकरामने दुसरा गडी शोधला असता, तराफा बांधला असता, स्वतः वल्हं हातात घेतलं असतं. पण लटारू म्हणाला, "मायले विचारू."

सगळे निंबाखाली आले. कुंता पोरीला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसली. लटारूने डोळे मिटले, चिमूट उचलली आणि टाकली. त्या वेळी त्याने काही लबाडी केली नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की माय आपल्याला सोडवेल. तो दोन-दोन दाणे सारत गेला. दोन, दोन, दोन. आणि शेवटी एक दाणा उरला.

त्याने त्यावर अंगठा ठेवला.

"थांब म्हंते माय," तो म्हणाला. "परवा पानी उतरन. तवा नेऊ."

शालिकरामने हात जोडले. कुंताने एकदा वर पाहिलं, मग मान खाली घातली आणि पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली.

पाणी खरंच परवा उतरलं. सोनू त्याच दिवशी दुपारी गेली. दवाखान्यात नेली असती तर वाचली असती की नाही हे कोणी सांगू शकत नाही. माती देताना कुंता मोठ्याने म्हणाली, "मायची मर्जी होती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. बायकांनी तिच्या धीराचं कौतुक केलं. लटारू घाटावर जाऊन ओकला.

त्यानंतर त्याला भूक लागली. ही भूक कशी ते सोमारीलाही समजलं नाही. तो तीन माणसांचा भात खायचा आणि उठताना भाताच्या गंजात किती उरलं ते पाहायचा. पोट तट्ट व्हायचं आणि आत रिकामंच राहायचं. सोमारी आधी चिडली, मग घाबरली. "तुमाले कायचं पायजे, ते तरी सांगा," ती म्हणायची. लटारूला सांगता येत नव्हतं. त्याला कोणीतरी गचांडी धरून विचारायला हवं होतं, तू काय केलंस? पण टोलीत कोण विचारणार? उलट लोक म्हणत, पाहा, मायनं परवा पाणी उतरेल म्हटलं आणि उतरलं. त्याचं नाव आणखी मोठं झालं.

म्हणून तो बाहेर हिंडला. महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाऊन गार पाण्यात बुडी मारली. एका दर्ग्यावर जाऊन धागा बांधला. कीर्तनाला बसला. जिथे गेला तिथे मनातल्या मनात एकच मागितलं, की मला कोणीतरी ओळखा. सगळीकडे गर्दी होती, सगळीकडे त्याला प्रसाद मिळाला, आणि तो होता तसाच परत आला. दोष त्या ठिकाणांचा नव्हता. ज्याने तोंडच उघडलं नाही त्याला कोण काय देणार?

शालिकराम पहिल्यासारखाच बोलायचा. कुंता मात्र नाही. लटारू गल्लीतून येताना दिसला की ती भिंतीकडे तोंड करायची. डोंग्यात बसली तर पाठमोरी बसायची. बाळंत झाली, मुलगा झाला, अमर नाव ठेवलं, तरी ती बाळाला घेऊन निंबाकडे फिरकली नाही. लटारूने याचा अर्थ लावला की हिच्या जिवाला कळलंय आणि ही मला आतल्या आत शाप देतेय. त्याला ते बरोबरच वाटायचं.

दोन वर्षांनी त्याने अंगात ताकद राहिली नाही असं सांगून पूजा चुलतभावाकडे दिली. आणखी काही वर्षांनी, सन दोन हजार एकच्या माघात, डोंगाही त्यालाच दिला आणि घुग्घुसला कोळशाच्या कामाला निघून गेला. सोमारी बकऱ्या सोडून यायला तयार नव्हती. "तिथी तरी पोट भरन का?" एवढंच तिने विचारलं.

घुग्घुसमध्ये तो एका ठेकेदाराकडे रेल्वेच्या वाघिणींतला कोळसा झाडायच्या कामावर लागला. रस्त्यावर दिवसभर ट्रक, हवेत धूळ, आणि संध्याकाळी थुंकीसुद्धा काळी. झोपडीच्या शेजारी पोचू राहायचा. सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा, खाणीत लोडर. रविवारी त्याच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमायची, ढोलकीवर येशूची गाणी म्हणायची, आणि मग चहा व्हायचा. लटारू पहिल्या दिवशी चहासाठी गेला. हे त्याने नंतर स्वतःच हसून कबूल केलं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी चैतू नावाचा एक ट्रकवरचा क्लीनर उठून उभा राहिला. म्हणाला, मी मालकाच्या टाकीतलं डिझेल चोरून विकत होतो, काल मालकाला सांगून आलो, कामावरून काढलं. बोलताना रडला. लटारू दंडाची वाट पाहू लागला. त्याच्या जातीत असं काही पंचांपुढे निघालं की दंड बसतो. दंड भरायचा, गावाला जेवण घालायचं, तेव्हा कुठे माणूस पुन्हा पंगतीत बसतो. इथे मात्र दोघांनी उठून चैतूच्या पाठीवर हात ठेवला, एक गाणं झालं आणि त्याला चहा दिला.

लटारूने पोचूला बाजूला घेतलं. "याले दंड किती बसन जी?"

पोचूला आधी कळलंच नाही. मग कळलं. "दंड झाला ना, भाऊ. भरून झाला. दुसऱ्यानं भरला."

"कोनं?"

पोचूने घरातून आपलं काळं पुस्तक आणलं आणि बोट ठेवत, अडखळत त्याला एक गोष्ट वाचून दाखवली. सगळ्यांचा दंड आपल्या अंगावर घेतलेल्या येशूला लाकडावर टांगलं होतं. दोन्ही बाजूंना दोन चोर. त्यातला एक म्हणाला, मी केलं त्याचं मला मिळतंय, यानं तर काहीच केलं नाही. मग येशूला म्हणाला, माझी आठवण ठेव. आणि येशू त्याला म्हणाला की तू आजच माझ्याबरोबर स्वर्गात येशील. लटारूने ती गोष्ट तीनदा वाचायला लावली. त्याला येशूपेक्षा आधी तो चोर समजला. त्या चोराजवळ बोकड नव्हता, नारळ नव्हता, जेवण घालायला गाव नव्हतं. हातसुद्धा मोकळे नव्हते. त्याने नुसतं खरं सांगितलं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे ताटलीतून भाकरीचे तुकडे फिरायचे. येशूचं शरीर म्हणून सगळे एक-एक खायचे. पोचूच्या मंडळीची एक रीत होती. ताटली फिरायच्या आधी सगळे गप्प बसत, आणि ज्याला वाटे की आपण कोणाचं वाईट करून ठेवलंय आणि ते अजून निस्तरलं नाही, तो तुकडा न घेता ताटली पुढे सरकवी. आधी त्या माणसाकडे जाऊन ये, मग खा. कोणी कोणाला टोकत नसे. लटारूने चार महिने ताटली पुढे सरकवली. तीन माणसांचा भात खाणारा गडी, बोटभर तुकड्याला हात लावू शकला नाही.

आषाढातल्या एका दुपारी त्याने पोचूला सगळं सांगितलं. नदी, ज्वारी, अंगठा, सगळं. पोचूने मध्ये एकदाही "अरे" म्हटलं नाही. शेवटी त्याचे डोळे भरले होते. "देवानं आता ऐकलं नाही, भाऊ," तो म्हणाला, "त्याला तेव्हाच माहीत होतं. तरी त्यानं तुला हाकललं नाही." आणि खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लटारू लहान मुलासारखा रडला. त्याला आत तेच भरल्यासारखं वाटलं, एकविसाव्या वर्षी वाटलं होतं तसं. फक्त या वेळी अंग कापलं नाही, आणि काय बोललो त्यातलं अक्षरही तो विसरला नाही. त्या दिवसापासून तो येशूला 'मालक' म्हणू लागला, आणि सोमारीलाही त्याने तसं कळवलं.

पण पुढच्या महिन्यात ताटली आली तेव्हा हात पुन्हा अडला. तो चिडून पोचूला म्हणाला, "माफी झाली ना? मंग हात काऊन जात नाई माहा?"

"तुला मिळालं, भाऊ. त्या पोरीच्या आईला कुठं मिळालं?" पोचू म्हणाला. "ती उपाशी आहे अजून."

लटारूला ते आवडलं नाही. त्याने दोन-तीन महिने टाळाटाळ केली. टोलीत सांगितलं तर काय होईल हे त्याला पक्कं माहीत होतं. मार पडेल, वाळीत टाकतील, सोमारीला पाणी भरू देणार नाहीत. शिवाय कुंताला निदान मायची मर्जी होती एवढा तरी आधार होता. तो काढून घ्यायचा मला काय अधिकार, असंही तो स्वतःला विचारी. हा प्रश्न खोटा नव्हता. पण तो दर वेळी नेमका ताटली पुढे सरकवताना सुचायचा, म्हणून लटारूचा त्या प्रश्नावरच विश्वास राहिला नाही.

दिवाळी झाल्यावर, धान कापणीच्या दिवसांत, तो घाटटोलीला परत आला. सोमारीला आधी सांगितलं. ती बराच वेळ बकरीच्या अंगावरचे गोचीड काढत राहिली. मग म्हणाली, "मले ठाव होतं का तुमी घुमायचं नाटक करता. हे नव्हतं ठाव." आणि थोड्या वेळाने, "जा. जेवून जाऊ नका. तसेच जा."

शालिकराम तलावावर गेला होता. अमर आश्रमशाळेत होता. कुंता अंगणात जाळ्याचं फाटलेलं शिवत होती. लटारूला पाहून तिचा हात थांबला. या वेळी तिला भिंतीकडे वळायला जागा नव्हती.

"शालिकराम येऊ दे," लटारू म्हणाला. "दोघायलेबी सांगाचं आहे."

"काय सांगाचं आहे?"

"सोनूचं."

कुंता उठली. घरात गेली, पाण्याचा गडवा आणला, त्याच्यापुढे ठेवला. "भाऊ, सात वर्सं होऊन गेली," ती म्हणाली. "जुनं झालं. कायले उकरता? घुग्घुसले सुखानं राहून राह्यले ना? मंग राहा."

लटारूला भडभडून आलं. बाई किती मोठ्या मनाची, असं त्याला वाटलं. "नाई बाई, मले सांगू दे."

"नोका सांगू." तिचा आवाज चढला. "तुमच्या पाया पडतो भाऊ, त्यायले नोका सांगू."

तो डळमळला. आई स्वतःच नको म्हणते, मग मी कोण? उठून जावं आणि पोचूला सांगावं की गेलो होतो, तिनेच अडवलं. हे खोटंही झालं नसतं. तो उठलाही. पण उभा राहिल्यावर त्याला कळलं की इथून निघालो तर माझा हात त्या ताटलीकडे मरेपर्यंत जाणार नाही. तो पुन्हा खाली बसला. मनातल्या मनात म्हणाला, मालक, मी भ्यायलोय, पण या वेळी अंगठा ठेवणार नाही.

शालिकराम खांद्यावर जाळं, हातात बांबू घेऊन आला. त्याला आनंद झाला. "अरे, लटारूभाऊ! कवा आले जी?"

लटारूने उभ्या-उभ्याच सांगितलं. लांबवलं तर धीर सुटेल हे त्याला माहीत होतं. "शालिकराम, त्या दिवशी माय 'थांब' नवती बोल्ली. 'जा' बोल्ली होती. एक दाना उरला होता. मी नदीले भेलो, म्हून त्याच्यावर आंगठा ठेवला. माय खोटी नवती. मी खोटा होतो."

शालिकरामच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, जसं काही त्याला ते काढायचं सुचलंच नाही. मग जाळं खांद्यावरून घसरलं. पहिला बांबू लटारूच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. लटारूने हात वर केले नाहीत. शालिकरामच्या तोंडून शिवी निघत नव्हती, फक्त "सोनू, सोनू" निघत होतं. तिसऱ्यांदा बांबू वर गेला तेव्हा कुंता मध्ये आली आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"थांबा. त्यायले मारायच्या आंधी माहं आइका."

"तू हट!"

"मीनं पाह्यलं होतं," कुंता म्हणाली. "मी पुढंच बसलो होतो. एक दाना उरला, मीनं पाह्यलं. त्यायनं आंगठा ठेवला, तेबी पाह्यलं."

शालिकरामला कळेना. "मंग बोल्ली काऊन नाई?"

"मलेबी भेव लागलं होतं पान्याचं. पोटात हे होतं. मनात आलं, डोंगा गेला तर तिघंबी जाऊ. मले वाटलं, दोन दिवसानं काय होते? त्यायनं थांब म्हटलं तवा मले बरं वाटलं." तिचा आवाज फुटला. "बरं वाटलं मले! पोट्टी मांडीवर होती, आन मले बरं वाटलं!"

लटारू कान दाबून उभा होता. बोटांतून रक्त येत होतं. इतकी वर्षं ज्याला तो शाप समजत होता ती बाईची स्वतःचीच भीती होती. ती त्याच्याकडे पाठ करून बसायची कारण तिला वाटायचं, हा एक दिवस बोलेल आणि माझंही निघेल. त्याने स्वतःच्या पापाचा सात वर्षं विचार केला होता, पण त्या पापाने आणखी एका माणसाला मुकं केलंय हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. याची त्याला मारापेक्षा जास्त लाज वाटली.

शालिकराम अंगणात खाली बसला. बांबू त्याने सोडून दिला. मग तो लटारूला म्हणाला, "उद्या पंचायपुढं सांगशीन?"

"सांगीन."

"तुहं सांग. हिचं नाव निंघालं नाई पायजे."

"माहं मीच सांगीन," कुंता म्हणाली.

"गावात तोंड दाखवता येनार नाई!"

"आता कुठी दाखवत होतो मी?" ती म्हणाली. शालिकरामने डोक्याचा रुमाल काढला, उगाच दोनदा झटकला आणि मग तो लटारूकडे फेकला. लटारूने तो कानाला लावला.

कुंता लटारूकडे वळली. सात वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. "भाऊ, तुमी आता कोन्या देवाले मान्ता म्हून सोमारीबाई सांगत होती. तुमी त्याले हे सगळं सांगतलं?"

"सांगतलं."

"मंग काय बोल्ला?"

लटारूला पोचूने शिकवलेलं बरंच काही आठवलं. चोर, लाकूड, भरलेला दंड. ते सगळं खरं होतं आणि ते तो तिला पुढे सांगणारही होता, पण त्या घडीला त्याला स्वतःचं तेवढंच सांगावंसं वाटलं. "त्याले आंधीच ठाव होतं, बाई. तरी त्यानं मले जवळ बसवलं."

"आन मंग? मंग काय होते?"

लटारू विचार करू लागला. कान ठणकत होता, खांदा वर होत नव्हता. उद्या पंच बसणार होते आणि ते काय करतील याची त्याला अजूनही भीती वाटत होती. पण आतला तो रिकामा खड्डा त्याने चाचपला, आणि तिथे खड्डा नव्हता. तिथे फक्त सकाळपासून काही न खाल्लेल्या माणसाचं पोट होतं.

"मंग भूक लागते," तो म्हणाला. "सादी. भाताची."

कुंता डोळे पुसत आत गेली आणि तिघांपुरते तांदूळ धुवायला घेतले.